दोन प्रवेश-हंगाम काढल्यावर: आमच्या कॉलेजच्या प्रवेश, फी आणि दाखल्यांच्या सॉफ्टवेअरचा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे देते आहे. पहिल्या जुलैत विचारलं असतंत तर दीड दिला असता, आणि तोही पावती स्वच्छ छापतं म्हणून.

मी एका अनुदानित कॉलेजची ओएस, म्हणजे ऑफिस सुपरिटेंडेंट. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. कला, वाणिज्य, विज्ञान, वर बीसीए, आणि ज्युनिअर धरून साडेतीन हजारांच्या घरात मुलं. ऑफिसात मंजूर पदं सात, खुर्चीत माणसं चार. जनरल रजिस्टर शाईपेनानं भरायचे तेव्हापासून मी इथे आहे. कॉम्प्युटरची तज्ज्ञ वगैरे मी नाही. पण विकणारे लोक डेमो दाखवतात तो फेब्रुवारीत, रिकाम्या ऑफिसात, चहा घेत. खिडकीबाहेर दीडशे पोरं, मागे छत्र्या मिटत उभे असलेले त्यांचे आईवडील, आणि लाइट नुकतीच गेलेली, अशा वेळी तेच सॉफ्टवेअर कसं वागतं हे आमच्यासारख्यांनाच ठाऊक.

कंपनीचं नाव लिहीत नाही. करार चालू आहे, सपोर्टची पोरं मनानं चांगली आहेत, आणि झालेल्या घोटाळ्यांतला काही वाटा आमचाही आहे.

चांगलं ते आधी. दर मुलामागे वर्षाला ९० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आम्हाला पावणेचार लाखांच्या आत पडतं. त्या पैशांत काम भरपूर होतं. पूर्वी बोनाफाइडसाठी पोराला "परवा ये" सांगायचो, आता नाव टाकलं की मिनिटाभरात कागद सहीला. टीसीचा अनुक्रमांक चुकत नाही. शिष्यवृत्तीच्या पोरांची प्रवर्गनिहाय यादी मागितली की येते. आमचे अकाउंटंट काका तीच यादी आठवडाभर पट्टीनं रेघा मारून काढायचे. आणि नव्या शैक्षणिक धोरणाची विषयनिवड तर हातानं झालीच नसती. २०२४-२५ पासून ते संलग्न कॉलेजांना लागू झालं. एका सत्राचे २२ क्रेडिट, आणि त्यात मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी विषयगटांची डबडीच डबडी. कलेच्या पोरीला ओई, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, दुसऱ्या शाखेचा हवा, तिथे जागा ऐंशी, एक्क्याऐंशीव्या पोरीला दुसरा पर्याय दाखवायचा. सॉफ्टवेअर हे निमूट करतं. ज्यानं हा भाग बांधला त्याला माझ्याकडून चहा.

आता शुक्रवारची गोष्ट.

यांची रीत अशी, की जो काही अपडेट असेल तो शुक्रवारी संध्याकाळी सहाला टाकायचा. शनिवार-रविवार त्यांना सुट्टी, म्हणजे त्यांच्या हिशेबानं कुणाला त्रास नाही. सरकारी ऑफिसांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, पण कॉलेजला शनिवार आहे. आणि प्रवेशाच्या दिवसांत शनिवारसारखी गर्दी दुसऱ्या कुठल्या वारी नसते, कारण नोकरीवाल्या बापाला त्याच दिवशी पोराबरोबर येता येतं.

२०२४ चा बारावीचा निकाल २१ मेला लागला. जून मध्यापर्यंत आम्ही फॉर्मात बुडालेले, एसवाय-टीवायचे वर्ग सुरू झालेले. शुक्रवार, १४ जून. शनिवारी सकाळी ऑफिस उघडलं तर प्रत्येक मुलाचं नाव उलटं झालेलं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आमची सगळी रजिस्टरं तशीच. अपडेटनं पहिलं नाव पुढे आणलं, कारण म्हणे अपार आयडी, म्हणजे पोराचा देशभरचा एकच विद्यार्थी-क्रमांक, काढायला नाव आधारशी जुळावं लागतं. कारण खोटं नाही. पण रोल नंबर नावाच्या क्रमानं पडतात हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आमच्या भागात टीवायच्या वर्गात पाटील आणि पवार मिळून पाव वर्ग भरतो. ते सगळे वर्गभर पांगले आणि आदित्य, अक्षय, ऐश्वर्या पहिल्या बाकावर आले. प्राध्यापकांनी दोन दिवस आधी हजेरीपट हातानं लिहून पुरे केले होते. भूगोलाच्या सरांनी तो हजेरीपट माझ्या टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

२८ जूनचा शुक्रवार त्याहून वाईट. फॉर्म भरताना मोबाइलवर ओटीपी येतो, त्या मेसेजमध्ये यांनी एक शब्द घातला. "आपला ओटीपी"चं "आपला प्रवेश ओटीपी" केलं. छान वाटतं वाचायला. पण ट्रायच्या, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या, नियमानं असा प्रत्येक मेसेज जसाच्या तसा डीएलटी नावाच्या नोंदवहीत आधी नोंदवलेला असावा लागतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला की मोबाइल कंपनी तो वाटेतच अडवते. शनिवारी एकाही पोराला ओटीपी नाही. सपोर्टचा मुलगा फोनवर सांगतोय, "मॅम, आमच्याकडून मेसेज जातोय, सक्सेस दाखवतंय." जात होता खरा, पोचत नव्हता. सोमवारी दुपारी कुणाला तरी डीएलटीची आठवण झाली. तोपर्यंत आम्ही कोरे फॉर्म झेरॉक्स करून वाटले होते आणि शिपाईमामा रांगेला चिठ्ठ्यांवर नंबर घालून देत होते. मामांची चिठ्ठी एकदाही अडकली नाही.

आणि ५ जुलै. पैशांचं. ऑनलाइन फी भरली की पेमेंट गेटवे आमच्या सॉफ्टवेअरला कळवतं, "पैसे आले, पावती फाड." ज्या पत्त्यावर हे कळवायचं तो पत्ताच अपडेटमध्ये बदलला आणि गेटवेला सांगायचं राहिलं. परिणाम असा, की पोराच्या खात्यातून पैसे गेले, कॉलेजच्या खात्यात आले, आणि सॉफ्टवेअर म्हणतंय फी बाकी. व्यवहार फसला असता तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत गेले असते. हा फसलाच नव्हता! काही पालकांनी घाबरून दुसऱ्यांदा भरले. एकशे चौदा मुलं निघाली. काकांनी बँकेचं स्टेटमेंट काढून बारा आकडी नंबर एकेक करून पोरांच्या मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटशी जुळवले, तीन रात्री. त्यातला एक बाप ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन आला होता. दोनदा गेलेली रक्कम परत मिळेपर्यंत तो रोज सकाळी येऊन ऑफिसच्या पायरीवर बसायचा. काही बोलायचा नाही. पाचवा दिवस उजाडला तेव्हा काकांनी स्वतःच्या खिशातून दिले आणि नंतर वळते करून घेतले. नियमात हे बसत नाही, हे मलाही कळतं.

त्याच महिन्यात, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटनं जगभरचे विंडोजवाले कॉम्प्युटर निळे पडले, विमानं जमिनीवर राहिली. तोही शुक्रवारच. टीव्हीवर बघताना काका म्हणाले, "आपलंच आहे हो हे, फक्त मोठ्या कॉलेजातलं."

माझी भाची हिंजवडीत आयटीत आहे. रविवारी घरी आली तेव्हा मी हे सगळं तिला ऐकवलं, रडकुंडीला येऊनच. ती हसायला लागली. तिच्या टीमचे गिऱ्हाईक अमेरिकेतले दुकानदार. म्हणाली, "मावशी, त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळापर्यंत कुणी कोडला हात लावत नाही. कोड फ्रीझ म्हणतात. तुमचा जून म्हणजे त्यांचा नोव्हेंबर. तुम्ही करारात लिहून का नाही घेतलंत?" का नाही घेतलं? कारण असं काही मागता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. टेंडरच्या कागदात आम्ही रिपोर्टांची नावं पानभर लिहिली होती, पण तुम्ही बदल कोणत्या वारी करता, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तिनंच मग आणखी एक गोष्ट समजावली. या कंपनीची साठेक कॉलेजं एकाच सर्व्हरवर आहेत. परभणीकडच्या कुठल्या कॉलेजनं काही मागितलं की ते सगळ्यांच्या ताटात पडतं. चूल एक, स्वयंपाक एक, मीठ कमी-जास्त झालं तर साठ घरं तोंड वेडंवाकडं करणार. म्हणून आम्हाला नको असेल तर तो भाग आमच्यापुरता बंद ठेवायची सोय त्यांनी केली पाहिजे. ते जमतं. फक्त मागावं लागतं.

मार्च २०२५ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी मी हटून बसले. १५ जून ते ३१ ऑगस्ट काहीही बदलायचं नाही, सुरक्षेची दुरुस्ती सोडून; आणि तीसुद्धा मंगळवारी किंवा बुधवारी, आधी कळवून. प्राचार्य सरांना वाटत होतं कंपनी ऐकणार नाही. तिनं दहा मिनिटांत ऐकलं. त्यांच्या मॅनेजरनं उलट विचारलं, "बाकीची कॉलेजं असं का मागत नाहीत?"

मी खूश. आणि तिथेच माझा मूर्खपणा. २०२५ चा बारावीचा निकाल ५ मेला लागला. मेच्या मध्यालाच फॉर्म सुरू, पण आमचं फ्रीझ १५ जूनपासून. ३० मेच्या शुक्रवारी यांनी सगळा मेनूच नवा टाकला, रंगबिरंगी, डावीकडचं उजवीकडे. करारात अगदी चोख बसून. आमची ज्युनिअर क्लार्क पोरगी दोन दिवस "फी हेड कुठं गेलं" शोधत होती. तक्रार कुठल्या तोंडानं करायची? तारीख मीच घातली होती.

निकालाच्या जुन्या तारखा आठवल्या असत्या तर तारीख घातलीच नसती. २०१९ ला २८ मे, २०२० ला १६ जुलै, २०२१ ला थेट ३ ऑगस्ट, २०२२ ला ८ जून, २०२३ ला २५ मे. आपला हंगाम पंचांगाप्रमाणे येत नाही, मृगासारखा वाट बघायला लावतो. आता पुरवणी पत्रात शब्द असे आहेत: बारावीचा निकाल लागल्या दिवसापासून, विद्यापीठाकडे पात्रतेची यादी जाऊन पंधरा दिवस होईपर्यंत. ही ओळ ज्यांना हवी त्यांनी खुशाल उचलावी.

पण सगळंच गोठवता येत नाही, आणि हे कंपनीच्या बाजूनं सांगायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एसईबीसीच्या, म्हणजे मराठा आरक्षणाच्या, दहा टक्क्यांचा कायदा झाला. जूनच्या आधी तो प्रवर्ग यादीत हवाच होता, आणि यांनी वेळेत घातला. मग ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला: व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्म्याऐवजी पूर्ण माफ. निर्णय चांगलाच. पण हंगामाच्या ऐन मध्यात. आमच्या बीसीएच्या मुलींसाठी फीची सगळी मांडणी बदलायची. तिथे फ्रीझ-बिझ चालत नाही, ती पोरगी उद्या खिडकीवर येणार असते.

त्यासाठी दुसऱ्या वर्षी आम्हाला टेस्ट कॉपी मिळाली. सॉफ्टवेअरची खोटी जुळी बहीण म्हणा. बदल आधी तिच्यात, मग मी बघते, मग खऱ्यात. आणि बघायला मी माझी दहा पोरं तयार केली आहेत, सगळी काल्पनिक. एक एसईबीसीची मुलगी, उत्पन्न सात लाख नव्वद हजार. तिचीच बहीण, उत्पन्न आठ लाख दहा हजार. एक सीमेपलीकडून, कर्नाटकातून पीयूसी (तिकडची बारावी) करून आलेला, ज्याची विद्यापीठाची पात्रता आणि मायग्रेशनचा दाखला दोन्ही बाकी. एक, ज्याच्या आधारवर आडनावच नाही. एक, वडिलांच्या नावाच्या जागी आईचं नाव लावणारी. एक एटीकेटीवाला. एक, तीन वर्षांचा गॅप घेऊन परत आलेली लग्न झालेली बाई, जिचं नाव बारावीला वेगळं आणि आधारवर वेगळं. एक, जो हप्त्यानं फी भरतो आणि दुसरा हप्ता विसरतो. एक जात वैधता प्रमाणपत्राची नुसती पावती घेऊन आलेला. आणि दहावा कुऱ्हाडे.

या दहांची फी, पावती, रोल नंबर आणि टीसी नीट निघाली तर बदल पास. दीड तास लागतो. गेल्या जुलैत आठ लाख दहा हजारवाली बहीण फुकटात निघाली होती. मी नाही म्हटलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणलं. हेच खऱ्या खिडकीवर झालं असतं तर ऑडिटला माझी मान गेली असती. टेस्ट कॉपी हळू चालते, दोनदा लॉगिन मागते, पण तिच्यामुळे मी अर्धा तारा वाढवलाय.

आता आमचा वाटा. २०२४ च्या २० जूनला आमच्याच एका समितीला वाटलं की फॉर्ममध्ये रक्तगट हवा. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या कामी उपयोगी पडेल. फोन गेला, कंपनीनं तासाभरात रकाना घातला आणि तो भरणं सक्तीचं केलं. ज्यांचे फॉर्म अर्धे भरून झाले होते ती सगळी पोरं तिथेच अडकली. रक्तगट कुणाला पाठ असतो? निम्म्यांनी ओ पॉझिटिव्ह ठोकून दिला. त्या वर्षीचा आमचा रक्तगटाचा तक्ता कुणी रक्तपेढीला दाखवू नये.

म्हणून मी दोनशे पानी वही आणली. कुठल्याही विभागाला काही बदल हवा असेल तर वहीत लिहायचं, प्राचार्यांची सही घ्यायची, आणि वही हंगाम संपेपर्यंत माझ्या कपाटात. कंपनीला फोन करायचा हक्क फक्त मला आणि काकांना. सुरुवातीला लोक चिडले. ग्रंथपाल मॅडम तर आठवडाभर बोलल्या नाहीत. २०२५ च्या हंगामात तेवीस मागण्या लिहिल्या गेल्या. सप्टेंबरात बैठक घेऊन एकेक वाचली, तर चौदांबद्दल लिहिणाऱ्यानंच "राहू दे आता" म्हटलं. नऊ केल्या. त्यात ग्रंथपाल मॅडमची पहिली.

उरलेला दीड तारा कशासाठी कापला, तेही सांगते. जूनमध्ये सपोर्टचा फोन लागत नाही. साठ कॉलेजं आणि फोन उचलणारी पोरं पाच. त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, तिथे "नोटेड मॅम" येतं आणि पुढे शांतता. अपडेटमध्ये काय बदललं याचा कागद आता येतो, पण इंग्रजीत आणि असा, की "मायनर फिक्सेस" याच्यापुढे काही कळत नाही. मराठीत तीन ओळी लिहायला काय हरकत आहे, हा माझा प्रश्न दोन वर्षं वहीत आहे.

आणि तो कुऱ्हाडे. २०२४ च्या ऑगस्टात टीसीची छपाई त्यांनी नव्या पद्धतीची केली, तेव्हापासून मराठी टीसीवर अर्धा र आडवा उमटायचा बंद झालाय. "तिसऱ्या वर्षात"चं "तिसर्या वर्षात" होतं, आणि कुऱ्हाडेचा "कुर्हाडे". कळवलं की सांगतात फॉन्टचा प्रश्न आहे. पडद्यावर बरोबर दिसतं, कागदावर रफार. बापाचं नाव, आडनाव, गाव कऱ्हाड तालुका असेल तर तेही. मी प्रत्येक टीसी छापल्यावर वाचते, चुकलेली बाजूला काढते, काका ती जुन्या कोऱ्या फॉर्मवर हातानं लिहितात. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. ते येत्या मेमध्ये निवृत्त होतायत.

घ्यायचा विचार असेल तर घ्या, पण डेमो जुलैत मागा, त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या एखाद्या कॉलेजच्या खिडकीमागे उभं राहून. आमच्याकडे आलात तरी चालेल. फक्त शनिवारी नको.